माझी आई आजारी नव्हती

"तो तंबू आधी काढा," डॉक्टर म्हणाला.

तंबू म्हणजे माझा कुर्ता. निळा, सुती, गुडघ्याखाली चार बोटं. जर्मनीत नवीन आलेल्या बाईला आपल्या बायका पहिल्याच महिन्यात कानात सांगतात: बायकांच्या डॉक्टरकडे जाताना लांब कुर्ता घाल. कारण इथे अंगावर चादर देत नाहीत. पडद्यामागे जाऊन खालचं सगळं काढायचं आणि तशीच चार पावलं चालत त्या खुर्चीपर्यंत यायचं. इथल्या बायका येतात. त्यांना काही वाटत नाही, आणि वाटू नये हेही बरोबरच. मला मात्र लाज वाटते. म्हणून कुर्ता.

मी म्हटलं, वर धरते, काढत नाही. त्यानं मदतनीस बाईकडे बघून भुवया उडवल्या. ती हसली. माझा नवरा निखिल अर्ध्या भिंतीच्या पलीकडे टेबलापाशी पाठ करून बसला होता. त्याचे कान लाल झालेले मला मागून दिसले. त्यानं सगळं ऐकलं होतं. पाठ तशीच ठेवली.

मी कुर्ता काढला.

तपासताना दुखलं. सहा महिने अंगावरून जात होतं, रक्त कमी झालेलं, जिना चढताना दोनदा बसावं लागायचं. त्यात याचा हात. मी ओरडले. तो मदतनीस बाईला म्हणाला, "दक्षिणेकडच्या, उष्ण देशांतल्या बायका. यांना सगळंच जरा जास्त दुखतं." जर्मनमध्ये म्हणाला, मला कळत नाही असं समजून. मी फ्रँकफर्टमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. दिवसभर जर्मन माणसांच्या चुका शोधून त्यांना जर्मनमध्ये सांगते. मला सगळं कळलं.

कळलं, आणि गप्प बसले. हे आधी सांगून टाकते, म्हणजे मी कोणी मोठी शूर होते असं वाटायला नको.

कपडे घालून टेबलापाशी आले तेव्हा दोघांच्या गाड्यांवर गप्पा चालल्या होत्या. आम्ही र्युसेल्सहाइमला राहतो, निखिल गाड्यांच्या ब्रेकचं डिझाइन करतो. डॉक्टर त्याच्याशी इंग्रजीत बोलत होता, छान हसून. मग माझ्या पोटाबद्दलही तो निखिललाच सांगायला लागला. गर्भाशयात गाठी आहेत. म्योम म्हणतात त्याला. चार मोठ्या, बाकी बारीक. कॅन्सर नाही. पण रक्तस्राव थांबणार नाही. अख्खं गर्भाशय काढलं की विषय संपला.

आणि मग ते वाक्य. प्रश्न नव्हता तो. बिल वाचून दाखवावं तसं त्यानं वाचलं. "फामिलिएनप्लानुंग आबगेश्लोसेन." कुटुंबनियोजन पूर्ण झालेलं.

मी पस्तीस वर्षांची आहे. एक मुलगी आहे, सहा वर्षांची. दुसरं मूल हवं म्हणून आम्ही दोन वर्षं प्रयत्न करत होतो. निखिलला हे माहीत होतं, त्याच्याशिवाय प्रयत्न कसा होणार? आणि तो मान हलवत होता. हो, हो. शाळेत मास्तर ओरडत असताना हलवतात तशी. नंतर गाडीत मी विचारलं, का रे हलवलीस? तर म्हणाला, "अगं, डॉक्टर बोलत असताना मध्येच कसं तोडायचं?"

पण त्याच्यावर सगळं ढकलून मी मोकळी होणार नाही. खरी चूक मीच केली, तिथेच बसून.

डॉक्टरनं पहिल्यांदाच माझ्याकडे बघून विचारलं, आईला असलं काही होतं का?

मी म्हटलं, आईचं गर्भाशय काढलेलं आहे.

कितव्या वर्षी?

सव्विसाव्या.

त्याचा चेहरा उजळला. "ना, आल्झो!" म्हणजे, बघा, म्हणत नव्हतो? त्यानं कीबोर्डवर टकटक केलं आणि तो शब्द मोठ्यानं उच्चारला. एर्बलिश. आनुवंशिक. आईचा रोग, तोच मुलीला. आता शंकेला जागाच नाही. पुढच्या महिन्यातली तारीख दिली. कागदांचा गठ्ठा दिला. वाचून, सह्या करून ऑपरेशनच्या तयारीच्या दिवशी घेऊन या म्हणाला.

मी तसं का सांगितलं? कारण मला ते खरंच वाटत होतं. आमच्या वस्तीत पिशवी असलेली बाई शोधावी लागायची. आमच्याकडे गर्भाशय म्हणत नाहीत, पिशवी म्हणतात. आईची काढली, काकूची काढली, समोरच्या सुमनमावशीची काढली. लहानपणापासून मी ऐकत आले की तिची पिशवी खराब झाली, हिची पिशवी सडली. मला वाटायचं, आमच्या बायकांच्या रक्तातच ते आहे. इंजिनियर झाले, पुण्यात नोकरी केली, इथे आले, तरी हा एक समज मी डोक्यातून काढून कधी उजेडात बघितला नव्हता. माझं काम चुका शोधायचं, आणि ही चूक मी तीस वर्षं सांभाळली.

घरी निखिलनं कागदांना पिवळ्या चिठ्ठ्या लावल्या. जिथे जिथे सही हवी तिथे एक चिठ्ठी. त्याची सवयच आहे ती. घराचा करार असो, व्हिसा असो, मुलीच्या शाळेचा अर्ज असो, तो चिठ्ठ्या लावतो आणि मी सह्या करते. आपल्यातल्या बहुतेक घरांत असंच चालतं. त्यात जर्मन वकिली भाषेची बारा-बारा पानं, कोण वाचणार? चार चिठ्ठ्या होत्या. मी भाजी फोडणीला टाकून, ओल्या हातानं, तीन सह्या केल्या. चौथी तिकडे डॉक्टरसमोर करायची होती.

तयारीच्या दिवशी मी एकटीच गेले, निखिलची मीटिंग होती. रक्त द्यायला बसायचं होतं. बाकावर एक बाई आधीच बसलेली. उंच, अंगानं भरलेली, केसांच्या बारीक वेण्या. काळी. तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती आणि दोन खुर्च्या सोडूनही एक होती. मी लांबची निवडली.

का? ती काळी होती म्हणून. लिहिताना लाज वाटते, पण लिहिणार. मी दलित घरातली. गावात टाकीवर पाणी भरताना आम्हां पोरींना लांब उभं करायचे, वरून ओततील तेवढं घ्यायचं. त्या बायकांवर मी आयुष्यभर दातओठ खाल्ले. आणि परदेशात येऊन चार पैसे मिळवायला लागल्यावर मीही पर्स उचलून दोन खुर्च्या पलीकडे सरकले. विचारही केला नाही. अंगातच मुरलेलं.

तिनं बघितलं. आणि तिला कळलं. थोड्या वेळानं तिचं लक्ष माझ्या मांडीवरच्या कागदांवर गेलं, त्या पिवळ्या चिठ्ठ्यांवर.

"हे कोणी लावलं?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, नवऱ्यानं.

"आणि काढणार कोणाचं?"

तोंडात मारल्यासारखं झालं. मला राग आला, खरं सांगते. ही कोण विचारणारी? पण ती थांबली नाही. तिचं नाव अद्वोआ. आईवडील घानाचे, ती ऑफनबाखची, तिथेच जन्मली, तिथेच बस चालवते. तिलाही गाठी. याच डॉक्टरकडे आली होती. तिनं त्याचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं, त्याच्याच सुरात. फामिलिएनप्लानुंग आबगेश्लोसेन.

"आणि मला तर एकही मूल नाही," ती म्हणाली.

ती त्या दिवशी ऑपरेशनसाठी आलीच नव्हती. आपल्या फाइलची प्रत मागायला आली होती. तिनं विचारलं, तुला त्स्वाइटमाइनुंगबद्दल सांगितलं का यांनी? म्हणजे दुसऱ्या डॉक्टरचं मत. गर्भाशय काढायच्या आधी ते घ्यायचा हक्क या देशात कायद्यानं दिलाय, आणि तसं रोग्याला सांगणं हे डॉक्टरचंच काम. मला कोणी सांगितलं नव्हतं. गाठी तेवढ्या काढून गर्भाशय ठेवता येतं का, हे तरी? नाही. वाचलंस का सही करण्याआधी? नाही. मी तीन वेळा नाही म्हटलं आणि प्रत्येक वेळी आवाज बारीक होत गेला.

मी उठून खिडकीवर गेले. म्हटलं, माझी तारीख पुढे ढकला. तिथली बाई म्हणाली, पण तुमच्या मिस्टरांनी कालच फोन करून तारीख पक्की केली आहे. म्हटलं, पिशवी मिस्टरांची नाही. हे अर्थात मराठीतच पुटपुटले. जर्मनमध्ये एवढंच म्हणाले की ढकला. ढकलली तिनं.

अद्वोआनं मला शनिवारी बोलावलं. फ्रँकफर्टमध्ये एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत त्या बायका जमतात. सगळ्या काळ्या. कोणी इथल्याच, कोणी इरिट्रियाच्या, कोणी कॅमेरूनच्या. कॉफी, तळलेली केळी, लेकरं पायात. मी दाराशीच घुटमळले. माझं काय काम इथे? अद्वोआनं माझ्यासाठी शेजारची खुर्ची ओढली. शेजारचीच.

त्यांचं काम साधं आहे. डॉक्टरकडे कोणी एकटी जात नाही. सोबत दुसरी जाते, वही घेऊन. डॉक्टर जे बोलतो ते ती लिहून घेते, शब्द न बदलता, आणि शेवटी त्याला वाचून दाखवते. बस. एकीला बाळंतपणात कळा कमी करायची सुईच दिली नव्हती, तुम्ही लोक सोसता म्हणून. आणि मला ऐकवलं होतं की आम्हाला जास्तच दुखतं! म्हणजे एकीनं ओरडावं तर नखरे, आणि दुसरीनं ओरडलं तरी ऐकू येत नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या मात्र शांतपणे वहीतली पानं उलटत होत्या.

त्या याला रिप्रॉडक्टिव्ह जस्टिस म्हणतात. शब्द अमेरिकेतल्या काळ्या बायकांनी दिलेला. अद्वोआनं मला सोपं करून सांगितलं: मूल हवं असेल तर होऊ द्यायचं, नको असेल तर नको म्हणायचं, आणि झालेलं मूल जिवंत, धडधाकट वाढवता यायचं. तिन्ही हक्क आपले. एक म्हातारी बाई होती तिथे, पांढऱ्या केसांची, तीही काळीच, पण जन्मानं जर्मन. ती म्हणाली की नाझींच्या काळात या देशात काळ्या बापांच्या जर्मन मुलांना उचलून नेऊन त्यांची नसबंदी केली होती. पोरंच होती ती. घरच्यांच्या सह्याही घेतल्या होत्या, कागद सगळे व्यवस्थित. "इथले कागद नेहमी व्यवस्थित असतात," ती म्हणाली.

मग माझी पाळी आली. मी सांगितलं. कुर्त्याचं सांगितलं, सह्यांचं सांगितलं. आणि म्हटलं, माझ्या केसमध्ये डॉक्टरचंही बरोबर असेल कदाचित, कारण आमच्यात हे आनुवंशिक आहे, आईचंही काढलंय.

अद्वोआनं विचारलं, "तुझ्या आईला काय झालं होतं?"

काय झालं होतं? गाठी? कॅन्सर? कोणी सांगितलं? कुठला रिपोर्ट? तीस वर्षांत मी आईला हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता. पिशवी खराब झाली म्हणजे नक्की काय झालं, हे मी कधीच विचारलं नव्हतं. त्या सगळ्या थांबून माझ्या उत्तराची वाट बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला फोन लावला. बीड जिल्ह्यात राहते ती, माझ्या भावाकडे. मला ती बाय म्हणते.

"माय, तुझी पिशवी का काढली?"

"आता गं बाय? काय झालं?"

म्हटलं, सांग. तुला काय झालं होतं ते सांग.

"काय व्हतं मला? काईच नव्हतं. अंगावर पांढरं जायचं जराशिक."

मग सांगितलं तिनं. माझे आईवडील ऊसतोड करायचे. दसरा झाला की ट्रकमध्ये बसून पश्चिमेकडे जायचे, सहा महिने पाचटाच्या कोपीत राहायचे. तिकडे नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. बाई आजारी पडली तर कोयताच बसून राहतो, आणि मग खाडा, आणि खाड्याचा दंड. पाळी आली तरी उसात उभं राहायचं, पोट दुखलं तरी मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. मुकादमाला ही कटकट नको असायची. म्हणून एका वर्षी, ट्रक निघायच्या आधी, मुकादमाच्या बायकोनं सहाजणींना जीपमध्ये घातलं आणि तालुक्याच्या डॉक्टरकडे नेलं. त्यानं पोटावर मशीन फिरवलं. सहाहीजणींना तेच सांगितलं: पिशवीला सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल. लेकरं झालीत ना आता? मग कशाला ठेवता? अंगठे घेतले. एका दिवसात सहा पिशव्या.

लेकरं झालीत ना आता? तेच वाक्य. बीडच्या डॉक्टरनं मराठीत म्हटलं, इथल्या माइन नदीकाठच्या डॉक्टरनं जर्मनमध्ये म्हटलं.

मला ते वर्ष आठवतं. सात वर्षांची होते मी. आई कोपीत पोटाला लुगडं घट्ट बांधून बसलेली, बाप म्हणायचा ऊठ, मुकादम बघतोय. ऑपरेशनला तीन महिनेही झाले नव्हते. ती उठायची. चाळिशीच्या आधीच तिची हाडं गेली, ऐन थंडीत अंगाची आग व्हायची, रात्रंदिवस चिडायची, मला मारायचीही. मी तिला कजाग समजायचे. हॉस्टेलला पळाले ते शिकायला तर पळालेच, पण तिच्यापासूनही पळाले. फोनवर मी रडायला लागले तर ती म्हणाली, आता कशाला उकरतीस बाय, झालं गेलं. कोणालाच माफ करायचं नाही अशी माझी परिस्थिती झाली होती तेव्हा, आणि आईला चहा प्यायला जायचं होतं.

निखिल हे सगळं दारात उभा राहून ऐकत होता. त्याला माहीत नव्हतं. आमचं लग्न पुण्यात जमलं, ऑफिसमध्ये. त्याच्या घरी मी सांगितलं होतं की माझे आईवडील शेती करतात. खोटं नव्हतं, ऊस शेतातच असतो. फक्त तो आमचा नव्हता. जात त्याला माहीत होती, कोयता माहीत नव्हता.

त्यानं मला जवळ घेतलं. चांगला माणूस आहे तो, मी त्याला वाईट म्हणणार नाही. पण मग मी म्हटलं, हे सगळं मी त्या डॉक्टरला सांगणार आहे, तो शब्द फाइलमधून काढायला लावणार आहे. तर त्याचा चेहरा बदलला.

"हे तिथे सांगायची काय गरज आहे? इंडियाबद्दल काय इमेज होईल त्यांच्या डोक्यात?"

इमेज. माझ्या आईच्या पोटातला अवयव काढून घेतला कोणीतरी, आणि याला इमेजची पडली. मी त्याला म्हटलं, माझ्या आईपेक्षा तुझी इमेज मोठी नाही. तू यायचं नाहीस माझ्यासोबत. तो म्हणाला, असं काय करतेस, मी नवरा आहे. म्हटलं, म्हणूनच. आधी मान न हलवता बसायला शीक. त्यानंतर चार दिवस आम्ही जेवायला ये आणि मीठ दे एवढंच बोललो. मुलीनं जर्मनमध्ये विचारलं, तुम्ही भांडलात का? मी मराठीत हो म्हटलं.

डॉक्टरकडे अद्वोआला घेऊन गेले. कुर्ता नाही घातला. पँट-शर्ट, ऑफिसला जाते तशी, कारण त्या दिवशी मी काहीच काढणार नव्हते. अद्वोआनं वही उघडली. त्यानं विचारलं, या कोण? म्हटलं, मैत्रीण आहे, तुम्ही बोलाल ते लिहून घेणार आहे. त्यानं अद्वोआला ओळखलं असावं. ओठ घट्ट केले.

मी म्हटलं, माझ्या फाइलमध्ये एर्बलिश लिहिलंय, ते चूक आहे.

तो म्हणाला, तुम्हीच सांगितलंत.

म्हटलं, मी सांगितलं की काढलं. का काढलं हे तुम्ही विचारलं नाहीत, आणि मलाही माहीत नव्हतं. आता माहीत आहे. "माइने मुटर वार गेझुंड." माझी आई धडधाकट होती. तिनं सुट्टी न घेता काम करावं म्हणून तिचं गर्भाशय काढलं. हे लिहा.

तो मागे रेलला. म्हणाला, "तुमच्या देशातलं राजकारण ऐकायला मी इथे बसलेलो नाही."

मागून अद्वोआच्या पेनाचा आवाज आला. ते वाक्य उतरलं वहीत. त्यालाही ऐकू आलं.

मी थांबले नाही. जर्मनचं व्याकरण गडबडत होतं, गडबडू दे. म्हटलं, तुम्ही माझ्या आईवर झालेला अन्याय माझा रोग म्हणून लिहून ठेवलात. आणि त्या रोगाच्या जोरावर माझं गर्भाशय काढायला निघालात. मला मूल हवंय का हे विचारलं नाहीत. दुसऱ्या मताचा हक्क आहे हे सांगितलं नाहीत. गाठी तेवढ्या काढता येतात का, येत नसतील तर का नाही, हे मला लेखी हवंय. आणि फाइलची प्रत हवी आहे.

"पण तुम्ही सह्या केल्या आहेत," तो म्हणाला.

मी कागद काढले. तिन्ही सह्यांवर आडवी रेघ मारली, शेजारी तारीख घातली, त्याच्यासमोर ठेवले. चौथी जागा कोरीच होती.

त्यानं घड्याळ बघितलं. मदतनीस बाई, तीच, पडद्यापाशी उभी होती, या वेळी हसत नव्हती. तो म्हणाला, असा रक्तस्राव चालू ठेवणं बेजबाबदारपणाचं आहे, उद्या काही झालं तर माझ्याकडे येऊ नका. हेही वहीत गेलं. अद्वोआनं सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं, तंबूपासून नाही, त्या दिवसापुरतंच, संथपणे, बस चालवणाऱ्या बाईच्या खणखणीत आवाजात. तो शेवटी टाइप करायला लागला. एर्बलिश खोडलं. त्याच्या जागी काय लिहिलं ते मी स्क्रीन वळवायला लावून वाचलं. लिहिलं होतं: रोगिणीच्या म्हणण्याप्रमाणे आईला आजार नव्हता. रोगिणीच्या म्हणण्याप्रमाणे! बरं. माझं म्हणणं तरी आलं कागदावर.

दुसऱ्या डॉक्टरनं, बाई होत्या त्या, सांगितलं की गाठी तेवढ्या काढून बघू. गर्भाशय राहील अशी खात्री नाही, मूल होईल याची तर नाहीच. ऑपरेशन दोन आठवड्यांनी आहे. या वेळचे कागद मी स्वतः वाचले, बाराच्या बारा पानं, डिक्शनरी घेऊन. निखिल स्वयंपाकघरात उभा होता. चिठ्ठ्यांचं पाकीट त्यानं ड्रॉवरमधून काढलं नाही. तो सोबत येणार आहे, पण आत अद्वोआ असेल. त्याला ते आवडलेलं नाही. न आवडो.

आणि आता आईचं.

मी परत फोन केला, त्या जीपमध्ये कोण कोण होतं ते विचारायला. ती टाळत होती. मग एकेक नाव सांगितलं. दोघी वारल्या. चौघी आहेत, आईला धरून. सुमनमावशी अजून दर वर्षी उसाला जाते, या वयात. तिच्या सुनेची पिशवी गेल्या वर्षी काढली. सून एकोणतीस वर्षांची. त्याच डॉक्टरकडे. त्याचा दवाखाना आता तीन मजली झालाय, मुलगाही डॉक्टर होऊन तिथेच बसतो.

म्हणजे ते गेलेलं नाही. माझ्या लहानपणीचं म्हणून मी जे रडत होते, ते या दसऱ्यालाही चालू आहे. ट्रक निघायच्या आधी जीप निघणार आहे.

रजा टाकली आहे. डॉक्टरांनी प्रवास करू नका म्हटलं तर काठी टेकत जाईन. दसऱ्याच्या आधी गावात असेन. चौघींच्या घरी बसणार, काय सांगितलं होतं, अंगठा कोणी धरला होता, सगळं त्यांच्याच शब्दांत उतरवून घेणार. ज्यांना या वर्षी जीपमध्ये घालतील त्यांच्यासोबत मी जीपमध्ये चढणार. मुकादमानं अडवलं तर त्याचं बोलणंही उतरवणार.

आईनं विचारलं, "आन् त्या डाक्टरला काय म्हनशील?"

म्हटलं, शिव्या नाही देणार. तीन मजले चढून त्याच्यासमोर बसणार आणि एवढंच म्हणणार: माझ्या आईला काय झालं होतं ते तुझ्या हातानं कागदावर लिही. खाली सही कर.

तो लिहीपर्यंत मी उठणार नाही.